अंगणात तेलाची विहीर, तरी पेट्रोलला रांग

ज्याच्या मळ्यात विहीर आहे, त्याच्या घरच्या बाईला हंडा घेऊन टँकरपुढे उभं राहावं लागत नाही, असा आपला साधा हिशेब असतो. आज आम्ही तुम्हाला अशा एका शहराची गोष्ट सांगणार आहोत, जिथे हा हिशेब चुकला. तिथे विहिरी होत्या, एक-दोन नव्हे, हजारो. पण त्या पाण्याच्या नव्हत्या, खनिज तेलाच्या होत्या. आणि तरीही तिथल्या लोकांना पेट्रोलसाठी तासन्‌तास रांगेत थांबावं लागलं.

हे शहर म्हणजे अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. कॅलिफोर्निया राज्यात, समुद्राच्या काठावर वसलेलं. सिनेमावाल्यांचं हॉलिवूड आहे ना, ते याच शहरात. साल होतं १९७९. इराणमध्ये क्रांती झाली, तिथून निघणारं तेल घटलं आणि अमेरिकेत पेट्रोलची टंचाई सुरू झाली. मग कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी ९ मेपासून लॉस एंजेलिस आणि इतर काही जिल्ह्यांत सम-विषमचा नियम लावला. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम असेल, तर विषम तारखेला पेट्रोल. सम असेल, तर सम तारखेला. तरीही रांगा होत्याच. उद्या मिळेल की नाही या भीतीने अर्धी टाकी भरलेली असतानाही लोक रांगेत येत, आणि रांगेत पुढे सरकता सरकता आणखी पेट्रोल जाळत.

याच शहराच्या दक्षिणेला सिग्नल हिल नावाची टेकडी आहे. तिथे घरांच्या मागे आणि दुकानांच्या शेजारी लोखंडी पंप दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखे मान खाली-वर करत तेल उपसत होते. जमिनीतून तेल वर येत होतं आणि रस्त्यावर पेट्रोलची रांग लागली होती. असं कसं झालं? हे समजून घ्यायचं तर आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

लॉस एंजेलिसच्या जमिनीत तेल आहे हे तिथल्या मूळ रहिवाशांना फार आधीपासून माहीत होतं. टोंगवा हे त्या लोकांचं नाव. काही ठिकाणी जमिनीतून आपोआप काळं, चिकट डांबर वर येई. टोंगवा लोक ते फळ्यांच्या होड्यांच्या सांध्यांमध्ये भरत, म्हणजे होडीत पाणी शिरत नसे. पाण्यासाठी विणलेल्या टोपल्यांनाही ते डांबर लावत. जमीन जेवढं देई तेवढं घ्यायचं, अशी ती रीत होती.

१८९२ साली एडवर्ड डोहेनी नावाचा खाणी शोधत फिरणारा माणूस या शहरात आला. असं सांगतात, की रस्त्यावरून डांबराने भरलेली एक गाडी जाताना त्याने पाहिली आणि हे कुठून आणलं म्हणून विचारलं. मग त्याने आणि त्याचा भागीदार चार्ल्स कॅनफिल्ड याने कुदळ-फावडं घेऊन खणायला सुरुवात केली. पुढे हाताने खणणं जमेना, तेव्हा निलगिरीच्या खोडाला टोक काढून त्याच्या मदतीने भोक पाडलं. तेल लागलं. झालं, सगळ्या वस्तीला तेलाचं वेड लागलं. लोकांनी अंगणातली फुलझाडं उपटली, परसातल्या कोंबड्यांची खुराडी हलवली आणि तिथे लाकडी मनोरे उभे केले.

यात एक बाई होती, तिची ओळख तुम्हाला करून द्यायलाच हवी. एमा समर्स. ती पियानो शिकवायची. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतले ७०० डॉलर तिने एका विहिरीतल्या अर्ध्या वाट्यासाठी घातले. पहिल्या विहिरीने तिला बराच त्रास दिला, कर्ज झालं, पण ती मागे हटली नाही. दिवसा तेलाचा व्यवहार आणि संध्याकाळी पियानोच्या शिकवण्या, असं तिने काही वर्षं चालवलं. पुढे शहराच्या मध्यभागातल्या तेलाच्या व्यापारात तिचा एवढा दबदबा झाला, की लोक तिला ‘कॅलिफोर्नियाची तेलराणी’ म्हणू लागले. त्या काळी हे तेल मोटारीत जात नव्हतं. मोटारी होत्याच कुठे? कॅलिफोर्नियात दगडी कोळसा फारसा नव्हता, म्हणून कारखान्यांच्या भट्ट्या, बॉयलर आणि आगगाड्यांची इंजिनं या तेलावर चालत.

नंतर आली सिग्नल हिल. या टेकडीवरून समुद्र छान दिसे, म्हणून तिथे बंगल्यांसाठी प्लॉट पाडून विकायला काढले होते. २३ जून १९२१ रोजी तिथल्या एका विहिरीतून तेलाचं कारंजं उडालं, शंभर फुटांहूनही उंच. प्लॉट घेतलेल्यांनी बंगल्यांचा विचार सोडला आणि तेल कंपन्यांशी करार केले. आता आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांपुढे आणा. एकाने बोअर मारली आणि तिला पाणी लागलं, की शेजारी आणखी खोल बोअर मारतो. कारण जमिनीखालचं पाणी बांध पाळत नाही. जो आधी उपसेल त्याचं. तेलाचंही अगदी तसंच. आपण थांबलो तर शेजारी आपल्या जमिनीखालचं तेल ओढून नेईल, या धास्तीने सगळ्यांनी एकदमच उपसायला सुरुवात केली. मनोरे इतके दाटीने उभे राहिले, की लांबून ती टेकडी साळिंदरासारखी दिसे. शेजारच्या स्मशानभूमीखालूनही तेल काढलं गेलं आणि पुरलेल्या माणसांच्या वारसांना त्याचे पैसे मिळाले.

१९२४ साली सिग्नल हिलने स्वतःची वेगळी नगरपालिका केली. शेजारच्या लाँग बीच शहरात सामील झालो तर तेलावर कर आणि निर्बंध येतील, हे त्यामागचं मोठं कारण होतं. या नगरपालिकेच्या पहिल्या महापौर एक बाई होत्या, जेसी नेल्सन. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

तेलाचा पूर किती आला? १९२३ साली जगात निघणाऱ्या एकूण तेलापैकी सुमारे पाव हिस्सा एकट्या कॅलिफोर्नियातून निघाला. एवढं तेल ठेवायचं कुठे आणि विकायचं कुणाला, हा प्रश्न होता. पेट्रोल स्वस्त झालं. आणि नेमका तोच काळ मोटारी स्वस्त होण्याचा होता.

इथे मैत्रिणींनो, एक गोष्ट लक्षात घ्या. लॉस एंजेलिस जन्मापासून मोटारींचं शहर नव्हतं. उलट तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं मोठं जाळं होतं. हेन्री हंटिंग्टन या उद्योगपतीने १९०१ मध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली. तिच्या लाल रंगाच्या गाड्या डोंगराच्या पायथ्यापासून समुद्राच्या वाळूपर्यंत धावत. भरभराटीच्या काळात तिचे रूळ १,००० मैलांहून जास्त होते. शहरांना जोडणारी विजेच्या गाड्यांची जगातली सगळ्यात मोठी व्यवस्था म्हणून तिचं नाव होतं. या लाल गाडीत बसून माणसं कामाला जात, बायका बाजाराला जात, मुलं रविवारी समुद्रावर जात.

पण त्यातही एक गोम होती. हंटिंग्टनचा खरा नफा तिकिटांत नव्हता, जमिनीत होता. आधी लांबची जमीन स्वस्तात घ्यायची, तिथवर रूळ न्यायचे आणि मग प्लॉट पाडून विकायचे. त्यामुळे शहर दाट न होता लांबच लांब पसरत गेलं. प्लॉट विकून झाले, की गाडी तोट्यात का चालेना, मालकाला त्याची फारशी फिकीर उरत नसे. पुढे रस्त्यांवर मोटारी वाढल्या आणि लाल गाडी त्यांच्या गर्दीत अडकू लागली. गाडीला उशीर होतो म्हणून लोक मोटार घेत, आणि मोटारी वाढल्या म्हणून गाडीला आणखी उशीर होई.

हे थांबवायचा एक प्रयत्न झाला होता. एप्रिल १९२० मध्ये शहराने मुख्य बाजारपेठेत दिवसा रस्त्यावर मोटार उभी करायला बंदी घातली. विजेच्या गाड्या लगेच वेळेवर धावू लागल्या. पण दुकानदारांनी ओरड केली, की गिऱ्हाईक कमी झालं. मोटारी घेऊन खरेदीला येणाऱ्या बायका नाराज झाल्या. क्लारा किंबॉल यंग ही मूकपटांतली गाजलेली नटी. तिच्या पुढाकाराने मोटारींचा मोर्चा निघाला. काही आठवड्यांतच नियम सैल करावा लागला. त्या बायकांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. मोटार चालवता येणं ही त्यांच्यासाठी मोकळीक होती, कुणाची वाट न बघता घराबाहेर पडण्याची. आज आपल्याकडे मुली स्कूटीवर कॉलेजला जातात तेव्हा आपल्यालाही आनंदच होतो. पण त्या दिवशी शहराने एक वाट निवडली, हे मात्र खरं.

१९२६ साली दुसरी संधी आली. खांबांवरून जाणारा उन्नत रेल्वेमार्ग बांधायचा का, यावर मतदान झालं. लोकांनी नको म्हटलं. रेल्वे कंपनीवर आधीच राग होता आणि रस्त्यावर सावली टाकणारे लोखंडी सांगाडे कुणालाच नको होते.

मग रस्त्यांना पैसा कुठून आला? तर पेट्रोलमधूनच. १९२३ साली कॅलिफोर्नियाने पेट्रोलच्या दर गॅलनवर २ सेंट कर बसवला. १९३८ मध्ये तर राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलं, की हा पैसा रस्त्यांवरच खर्च होईल. १९४७ मध्ये कर वाढवून द्रुतगती मार्गांची मोठी योजना हाती घेतली. हे एक चक्रच झालं बघा. जितकं पेट्रोल जळेल तितका कर जमा होणार, जितका कर तितके रस्ते, आणि जितके रस्ते तितकं आणखी पेट्रोल. लाल गाडीला मात्र असा कुणी वाली नव्हता.

काही जण सांगतात, की मोटार कंपन्यांनी आणि तेल कंपन्यांनी कट करून ट्राम बंद पाडल्या. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. मोटार, टायर आणि तेल कंपन्यांचा पैसा असलेल्या एका कंपनीने अनेक शहरांतल्या ट्राम विकत घेऊन तिथे बस आणल्या. बस, टायर आणि इंधन आपल्याकडूनच घेतलं जावं असा कट केल्याबद्दल १९४९ साली या कंपन्या दोषी ठरल्या आणि त्यांना नाममात्र दंड झाला. पण लॉस एंजेलिसच्या लाल गाडीची उतरण त्याच्याही आधी सुरू झाली होती. कट होता, आणि त्याच्या जोडीला लोकांनी स्वतः निवडलेले रस्तेही होते.

३० डिसेंबर १९४० रोजी शहरातून पॅसाडेनाला जाणारा पहिला द्रुतगती मार्ग सुरू झाला. महायुद्ध संपलं, सैनिक परत आले आणि घरांची प्रचंड गरज निर्माण झाली. सिग्नल हिलच्या जवळच लेकवूड नावाची वसाहत १९५० साली सुरू झाली. तीन वर्षांच्या आत तिथे सुमारे १७,५०० घरं बांधली गेली. घरं नीटनेटकी होती, प्रत्येकाला अंगण होतं आणि साध्या कामगारालाही हप्त्यांवर घेता येत होती. किरकोळ दुकानं चालत जाता येतील अशी ठेवली होती, हे त्या वसाहतीचं चांगलंच म्हणायला हवं. पण मध्यभागी जो मोठा बाजार बांधला, त्याच्याभोवती हजारो मोटारी उभ्या राहतील एवढं मैदान होतं. कामाची ठिकाणं लांब पसरलेली होती. अशा वसाहतीत नवरा मोटार घेऊन कामावर गेला, की घरच्या बाईच्या हाती राहतो तो फक्त जवळचा परिसर. म्हणून घराघरात दुसरी मोटार आली. तिची गणती चैनीत झाली नाही. ती घर चालवायच्या सामानात मोडू लागली, चुलीसारखी.

लाँग बीचला जाणारी शेवटची लाल गाडी ९ एप्रिल १९६१ रोजी बंद झाली. मार्च १९६३ मध्ये शहरातल्या शेवटच्या ट्रामही गेल्या. आता मोटार नसेल तर बस, आणि बस लांबलांब अंतराने येणार.

दरम्यान जमिनीखालचं तेल उपसणं चालूच होतं. लाँग बीच आणि विल्मिंग्टनच्या बंदराखालून इतकं तेल काढलं, की वरची जमीन खचू लागली. काही ठिकाणी ती २९ फूट खाली गेली. म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. धक्के, पूल, नौदलाची गोदी, सगळ्यांना बांध घालून समुद्र थोपवावा लागला. शेवटी १९५० च्या दशकात जमिनीत पाणी परत भरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे खचणं थांबलं. त्यानंतर १९६५ साली लाँग बीचच्या किनाऱ्यासमोर चार कृत्रिम बेटं बांधली. त्यांच्यावर पामची झाडं लावली, धबधबा केला, रंगीत दिवे लावले. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटावं, हे एखादं सहलीचं ठिकाण आहे. प्रत्यक्षात त्या झाडांमागे तेलविहिरी आहेत. शहरात इतरत्रही एखादी विहीर कार्यालयाच्या इमारतीसारख्या भिंतींमागे लपवलेली आढळते.

सगळीकडे मात्र असं सजवलेलं नव्हतं. दक्षिण भागातल्या गरीब वस्तीत घरापासून अवघ्या ३० फुटांवर विहिरी होत्या. तिथल्या नालेली कोबो या मुलीला लहानपणी डोकेदुखी आणि नाकातून रक्त येण्याचा त्रास सुरू झाला. ती आईबरोबर घरोघर फिरली, शेजाऱ्यांच्या तक्रारी गोळा केल्या, सभांत बोलली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ते ठिकाण २०१३ मध्ये बंद पडलं आणि २०२० मध्ये कायमचं बंद झालं. २०२२ साली तिला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. स्थानिक तेल म्हणजे आपलं तेल, असं म्हणणं सोपं असतं. त्याचा वास कुणाच्या खिडकीतून आत येतो, हेही विचारायला हवं.

हवेची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असा दाट धूर उतरला, की युद्धाच्या दिवसांत काही लोकांना शत्रूने विषारी वायू सोडला असं वाटलं. पुढे हागेन-श्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की मोटारींचा धूर आणि तेलशुद्धीकरणाची वाफ यांच्यावर ऊन पडलं की हे झोंबणारं धुकं तयार होतं. १९५८ साली काही गृहिणींनी एकत्र येऊन ‘स्टॅम्प आउट स्मॉग’ नावाची संघटना काढली. म्हणजे हे धुरकट धुकं पुसून टाका. त्या सभांना गेल्या, अहवाल वाचले, अधिकाऱ्यांना धारेवर धरलं. अशा दबावामुळे वीजघरांनी जास्त गंधकाचं तेल जाळू नये असे नियम आले.

आता गंमत बघा. तिथल्या जमिनीतलं बरंचसं तेल जाड आणि जास्त गंधकाचं. त्यामुळे शहराच्या वीजघरांना कमी गंधकाचं तेल बाहेरून, परदेशांतूनही आणावं लागे. आणि पेट्रोलचं म्हणाल, तर १९७० पर्यंत कॅलिफोर्निया जेवढं तेल काढत होती त्याहून खूप जास्त जाळत होती. विहीर आटली नव्हती, पण पिणारी तोंडं तिच्या कितीतरी पुढे गेली होती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं, तेव्हा हे सगळं उघडं पडलं. लॉस एंजेलिसला वीज तयार करायलाच तेल पुरेना. त्या वर्षी निवडून आलेले महापौर टॉम ब्रॅडली यांनी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये शहराने नियम केला. घरांनी आणि कारखान्यांनी गेल्या वर्षीपेक्षा १० टक्के वीज कमी वापरायची, दुकानं आणि कार्यालयांनी २० टक्के. कुठे कमी करायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. जो मर्यादा ओलांडेल त्याच्या सगळ्या बिलावर ५० टक्के जादा आकार. शोभेचे दिवे आणि जाहिरातींची रोषणाई यांच्यावर बंधनं.

काय झालं असेल? लोकांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त बचत केली. पहिल्या काही महिन्यांत शहराचा वीजवापर सुमारे १७ टक्क्यांनी उतरला. घरांनी १० ऐवजी साधारण १८ टक्के वाचवले, दुकानांनी आणि कार्यालयांनी २० ऐवजी २८. घरांत हे कुणी केलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणं, धुण्याचं यंत्र पूर्ण भरल्याशिवाय न लावणं, हे काम घर सांभाळणाऱ्याच्या हाताने होतं. वीज तोडण्याची वेळ आली नाही आणि १९७४ च्या मध्याला नियम मागे घेता आला.

मग हीच बचत पेट्रोलमध्ये का जमली नाही? प्रयत्न झाले. जानेवारी १९७४ मध्ये देशभर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. मार्च १९७६ मध्ये सांता मोनिका द्रुतगती मार्गावर एक मार्गिका बससाठी आणि तीन किंवा जास्त माणसं असलेल्या मोटारींसाठी राखून ठेवली. राज्याच्या वाहतूक खात्याच्या प्रमुख तेव्हा एक बाई होत्या, एड्रियाना जियांतुर्को. एकेकट्याने मोटार चालवणारे लोक उरलेल्या मार्गिकांत अडकले आणि सगळा राग त्यांच्यावर निघाला. ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो प्रयोग थांबला. तीन वर्षांनी तेच लोक पेट्रोलच्या रांगेत होते.

आम्हाला यात एक मोठा फरक दिसतो. दिव्याचं बटण आपल्या हाताशी असतं. शाळा, बाजार, दवाखाना आणि कामाची जागा यांच्यातलं अंतर कुठल्याच बटणाने कमी होत नाही. ते अंतर पन्नास वर्षांपूर्वी कुणी जमीन विकताना, कुणी मत देताना, कुणी रस्ता आखताना ठरवून ठेवलेलं असतं. लेकवूडच्या बाईने कितीही काटकसर करायची म्हटली, तरी तिच्या दारात बस येत नसेल तर ती काय करणार? बचत करायची इच्छा तिच्याकडे होती. तिला बचतीची वाटच ठेवलेली नव्हती.

त्याच तेलसंकटाची झळ आपल्याकडेही लागली. महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या हजारो बायका १९७२ पासूनच लाटणी-थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरत होत्या. धान्य, साखर, खाद्यतेल आणि रॉकेल, ही त्यांची मागणी होती. त्यांच्या घरात मोटार नव्हती, स्टोव्ह होता. पुढे फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं आणि १९७६ पासून मुंबई हायचं तेल येऊ लागलं. सगळ्यांना फार आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण आज आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. विहीर सापडली, पण तहान तिच्याहून वेगाने वाढली. लॉस एंजेलिसचंच झालं ते.

त्या शहराने पुढे काय केलं, तेही सांगायला हवं. जून १९७४ मध्ये मतदारांनी पेट्रोलकराचा काही पैसा रेल्वेसाठी वापरायला परवानगी दिली. नोव्हेंबर १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या लोकांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मान्य केली. आणि १४ जुलै १९९० रोजी लाँग बीचची गाडी पुन्हा सुरू झाली, बरीचशी त्याच जुन्या लाल गाडीच्या वाटेने. जे १९६१ मध्ये मोडीत काढलं, ते एकोणतीस वर्षांनी नव्याने, कितीतरी जास्त पैसे ओतून बांधावं लागलं.

तरी तिथेही एक भांडण झालंच. रेल्वेवर पैसा जात असताना १९९४ मध्ये बसचं भाडं वाढवायचा आणि महिन्याचा पास बंद करायचा निर्णय झाला. बसमध्ये बसणारे बहुतेक गरीब, त्यांतही दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या आणि कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बायका पुष्कळ. बसप्रवाशांची संघटना न्यायालयात गेली. १९९६ मध्ये तडजोड झाली, पास टिकला आणि बस वाढवाव्या लागल्या. मोटारींच्या शहरातही मोटार नसलेल्या बायका होत्या, आणि आपण आहोत हे त्यांना सिद्ध करून दाखवावं लागलं.

मैत्रिणींनो, एवढ्या दूरची गोष्ट आम्ही आज सांगितली, कारण ती आता आपल्या वेशीवर आली आहे. तालुक्याचं रुग्णालय, नवं कॉलेज, मोठा बाजार, सगळं हळूहळू बाह्यवळण रस्त्यावर जातंय. तिथे जागा मोकळी मिळते, गाड्या लावायला मैदान मिळतं. पण जिच्या घरी गाडी नाही, किंवा गाडी आहे पण ती नवऱ्याकडे असते, तिने तिथे कसं पोचायचं? एसटीची एखादी फेरी ‘प्रवासी नाहीत’ म्हणून बंद होते. फेरी बंद झाली की उरलेले प्रवासी दुचाकी घेतात, आणि मग खरोखरच प्रवासी नसतात. लाल गाडीचं जे झालं ते लाल डब्याचं व्हायला नको, असं आम्हाला मनापासून वाटतं.

म्हणून आमचं एकच सांगणं आहे. घरातली काटकसर आपण करतोच. गॅसवर झाकण ठेवून शिजवणं, डाळ आधी भिजत घालणं, दिवा बंद करणं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आता त्याच्या पुढचं एक काम करू या. ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत नव्या शाळेचा, दवाखान्याचा, बाजाराच्या जागेचा विषय निघाला, की उठून एवढंच विचारायचं: इथे पायी किंवा एसटीने येता येईल का? संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता? हा प्रश्न आज विचारायला पैसे पडत नाहीत. लॉस एंजेलिसने तो उशिरा विचारला, आणि त्याची किंमत ते शहर अजून भरतंय.

तुमच्या गावची एखादी एसटी फेरी बंद झाली असेल किंवा तुम्ही मिळून ती परत सुरू करून घेतली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी आपण त्याविषयीच बोलू.